तुझ्यावर सोपवलं, पण माळ्यावरच्या हंड्यांचं काय?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही सातारा सोडतोय. ह्यांची इथली कंपनी बंद पडली, ठाण्याकडे नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमची जागा भाड्याने घेतलीय. इथे पाच खोल्या, माजघर, माळा आणि अंगण. घर सामाईक आहे, आम्ही निघालो की बिल्डरकडे जाणार, त्यामुळे मागे काही ठेवायची सोय नाही. मेच्या शेवटी निघायचंय, म्हणजे हातात दीड महिना. मुलीची दहावी झाली, मुलगा सातवीत जाईल. सासूबाई पंचाहत्तरीच्या, माहेर पाटणचं. त्या एक वाटीसुद्धा टाकू देत नाहीत. देवघरात सासऱ्यांनी जमवलेले आणि चुलत सासऱ्यांकडून आलेले मिळून सव्वीस देव, शिवाय भिंतभर तसबिरी. नव्या जागेत स्वयंपाकघरात एक फळी आहे. देव कमी करणं पाप नाही का?

रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणते, 'देवा, तुझ्यावर सोपवलं.' आणि रात्री दोनला जाग येते, डोळ्यांपुढे माळ्यावरचे हंडे. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, 'एवढं देवाचं करतेस, मग घाबरतेस कशाला? विश्वास कमी पडतोय तुझा.' ते मनाला लागलंय. खरंच कमी पडतोय का?

– एक वाचक, सातारा

उत्तर

नमस्कार. जाऊबाईंकडे शेवटी येते. आधी तुमचं बघू.

रात्री दोनला जाग येते म्हणजे विश्वास कमी, असं काही नसतं. नवऱ्याची नोकरी गेली, दुसरी कमी पगाराची मिळाली, मुलीचं अकरावीचं वर्ष, सासूबाईंचं वय, आणि दीड महिन्यात पाच खोल्यांचा संसार चौथ्या मजल्यावर चढवायचा. इतकं डोक्यावर असताना एखादी बाई घोरत झोपली तर मलाच तिची काळजी वाटेल. भीती अंगात भरलेली असते, ती दिवा लावल्या लावल्या उतरत नाही. भल्याभल्या भक्तांचीही उतरलेली नाही.

पत्रातली एक गोष्ट मात्र मला खटकली. 'तुझ्यावर सोपवलं' म्हणता तेव्हा नक्की काय सोपवता? ह्यांची नवी नोकरी टिकेल का, मुलीला तिकडे मैत्रिणी मिळतील का, सासूबाईंना चौथा मजला मानवेल का, हे सगळं खुशाल सोपवा. ते तुमच्या हातात नाहीच. हंडे मात्र तो खाली काढून देणार नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं आपण आळश्याला टोमणा मारायला म्हणतो, कुणा भक्ताचं कौतुक करायला म्हणत नाही. तुम्ही आळशी नाही, ते पत्रावरून कळतंच. तुमचं झालंय असं, की संध्याकाळी देवाकडे दिलेलं रात्री दोनला परत मागून घेता आणि दिवसा जे उचलायचं ते 'सासूबाई ऐकत नाहीत' म्हणून तसंच राहतं. मग हंडे रात्री डोळ्यांपुढे येणारच.

तुम्ही साताऱ्याच्या, तुम्हाला आरफळ कुठे ते सांगायला नको. तिथले हैबतबाबा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप आलं ते त्यांच्यामुळे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, भक्ती पुरेपूर आणि शिस्तही लष्करातली. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, मुक्काम कुठे, चोपदाराचा दंड वर झाला की लाखो माणसं गप्प. आळंदी ते पंढरपूर, जवळजवळ अडीचशे किलोमीटर, नुसत्या 'होईल सगळं' वर चालत नाही. लोणंदला पालखी मुक्कामाला येते तेव्हा एखाद्या दिंडीचा ट्रक रिकामा होताना बघा. तंबूचे बांबू उतरतात, मग मोठी पातेली, शेगड्या, पिठाची पोती आणि शेवटी वारकऱ्यांच्या वळकट्या. एकेका वळकटीत सतरंजी, चादर, दोन जोड कपडे, ताट-तांब्या आणि पावसाला प्लास्टिकचा कागद. वर रंगाने नाव आणि गाव. विठ्ठलावर भार टाकून निघालेली ही माणसं वळकटीवर नाव घालायला विसरत नाहीत, आणि कुणी चाळीस ताटं घेऊनही निघत नाही.

चाळीस ताटं मी उगाच म्हणाले नाही. तुमच्याकडे असतीलच, पाच खोल्यांच्या जुन्या घरात असतातच. आणि मला जे खरं बोलायचंय ते इथेच आहे. विश्वास कुठे कमी पडतोय हे बघायचं असेल तर रात्रीच्या जागरणात शोधू नका, माळ्यावर शोधा. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून जे जे वर ढकललं, ते सगळं पुढे वेळेला काही मिळणार नाही या भीतीने ठेवलेलं आहे. पंगत बसली तर ताटं मिळणार नाहीत, पाहुणे आले तर गाद्या मिळणार नाहीत, मुलाचं मूल झालं तर पाळणा मिळणार नाही. देवाला एकीकडे म्हणायचं तू आहेस, आणि दुसरीकडे तो ऐन वेळी नसला तर काय, याची तजवीज माळ्यावर करून ठेवायची. हे मी तुम्हाला टोचायला म्हणत नाही, आपण सगळ्या जणी हेच करतो. पण सामान कमी करण्याचं काम आणि देवावर विश्वास ठेवण्याचं काम तुम्हाला दोन वेगवेगळी वाटतायत, आणि त्या दोघांत तुमची ओढाताण होतेय. माझ्या मते ते एकच काम आहे. एक गादी देऊन टाकताना 'लागली तर मिळेल' असं मनात म्हणता आलं, तर ती त्या दिवसाची प्रार्थना झाली. समईपुढे बसून वेगळी केली नाहीत तरी चालेल.

आता सासूबाई. 'एक वाटी टाकू देत नाहीत' असं तुम्ही लिहिलंत त्यात थोडा राग आहे, आणि तो मला समजतो. पण त्यांचं वय आणि माहेर दोन्ही तुम्हीच सांगितलंत, त्यावरून जरा हिशेब करा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील, आणि पाटण तालुक्यात. तिथल्या गावांत घरं अंगावर आली, माणसं नेसत्या कपड्यानिशी बाहेर पळाली. पाच वर्षांनी ७२ चा दुष्काळ, तेव्हा त्या बहुधा तुमच्या घरात नव्या सूनबाई. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया, मुलांना सुकडी. त्या पिढीच्या बाईला रिकामा डबासुद्धा टाकवत नाही, याला कंजूषपणा म्हणू नये. तुम्ही-मी 'लागेल कधीतरी' म्हणतो ते अंदाजाने. त्यांना खरोखर लागलेलं आहे.

तेव्हा त्या देवळात गेल्या की मागच्या दाराने बोहारणीला बोलवा आणि लुगडी देऊन मोकळ्या व्हा, असा सल्ला तुम्हाला चार जणी देतील. तो घेऊ नका. एक वस्तू जरी अशी गेली आणि त्यांना कळलं, तर उरलेल्या प्रत्येक वाटीवर त्या हात ठेवून बसतील, आणि त्यांचं चुकणार नाही. एक ट्रंक त्यांची. तिच्यात काय जातं ते तुम्ही विचारायचं नाही, फुटका चष्मा गेला तरी. बाकीच्यासाठी रोज दुपारच्या चहाला माळ्यावरचं एकच भांडं खाली आणायचं, पुसायचं आणि त्यांच्यापुढे ठेवायचं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असेल, कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी मुंज, सन. 'हे कुणाचं हो?' एवढंच विचारा. मग ऐका. घाई करू नका, मुलीलाही बसवा, ती फोनवर रेकॉर्ड करेल. एवढं बोलून झाल्यावर भांडं द्यायचं की न्यायचं हे बहुतेक वेळा त्याच सांगतात. न सांगितलं तर ते बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काढा.

मोठी पातेली, पराती, घंगाळं गावातल्या देवळाला आणि भजनी मंडळाला हवी असतात. काल्याचा प्रसाद शिजवायला दर वेळी मंडपवाल्याकडून भाड्याने आणतात बिचारे. त्यावर सासऱ्यांचं नाव घालून द्या. मोडीत घालायला नकार देणाऱ्या सासूबाई याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही, कारण भांडं घरातून गेलं तरी नाव पंगतीत राहतं. उरलेलं मोडीत घालायचं तर दोन दुकानांत वजन आणि भाव विचारा, आणि तांबं, पितळ, कासं वेगवेगळं न्या. काशाची थाळी पितळेच्या ढिगात गेली की दुकानदार काही बोलत नाही आणि तुमचे पैसे जातात. तांब्याचा बंब असला तर त्याचा मोह सोडा, चौथ्या मजल्यावर धूर करून शेजाऱ्यांशी ओळख व्हायला नको. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घ्या. त्या नेता येतात, पांघरता येतात, आणि लुगडं डोळ्यांपुढे राहतं. पाटा-वरवंट्याचं मात्र मला उत्तर नाही. तो दोन माणसांना उचलत नाही, आणि तरी तो सोडताना घरोघरी रडारड होते. हवाच असेल तर वरवंटा न्या.

देवघराचा प्रश्न तुम्ही घाबरत घाबरत विचारलात, पण उत्तर त्यातच सगळ्यात सोपं आहे. देव कमी करण्याला आपल्या परंपरेचीच मान्यता आहे. घरातल्या पूजेत दोन शिवलिंगं, तीन गणपती असू नयेत, असा जुना संकेत आहे. पूर्वीचे लोक देवाच्या बाबतीतही मोजूनमापून होते. सव्वीसचा आकडा देवाने केलेला नाही, तो वाटण्यांनी केलाय. एकाचं घर मोडलं की देव दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं मोडलं की तिसऱ्याकडे. चुलत सासऱ्यांकडून आले तेही असेच आले असणार, त्यांच्या मुलांना पूजा जमत नव्हती म्हणून.

एका सकाळी आंघोळ करून, सासूबाईंना पाटावर बसवून, सगळे देव ताम्हनात काढा. आधी कुलदैवताचे टाक वेगळे करा. ते तुमच्याबरोबर जाणारच, त्यात चर्चा नको. मग गणपती एक. तुम्ही लग्नात माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. सासूबाईंची अन्नपूर्णा वेगळी असेल तर त्यांच्या हयातीत ती हलवायची नाही, फळीवर दोन अन्नपूर्णा राहिल्या तर राहू द्या. बाण, म्हणजे शिवलिंग, असेल तर एक. शंख, घंटा. एवढ्यावर फळी भरेल आणि रोजची पूजा दहा मिनिटांत नीट होईल. सध्या सव्वीस देवांना रोज पाणी घालताना तुमचं लक्ष देवाकडे असतं की कुकरच्या शिट्टीकडे, ते तुम्हीच आठवा.

उरलेले. चुलत सासऱ्यांच्या घरात आता सून आली असेल तर तिला विचारा, त्यांचेच टाक आहेत, त्यांच्याकडे परत जाऊ देत. पुष्कळदा या मुलींना हवे असतात आणि मागायचा संकोच असतो. शाळिग्राम असेल तर तो फळीच्या कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा ज्याच्या घरी सोवळ्यातली पूजा रोज होते त्याला द्या. झिजून नाकडोळे गेलेले चांदीचे टाक ओळखीच्या सोनाराकडे नेऊन त्याच चांदीचे नवे करून घ्या, ही रीत पूर्वापार आहे. भंगलेल्या मूर्तींचं विसर्जन करतात.

तसबिरींना मात्र विसर्जन लागू नाही, आणि हे मी जरा जोरात सांगते. संगम माहुलीला काय, कुठल्याही घाटावर काय, पिंपळाच्या पारावर टेकवून ठेवलेले साईबाबा, लक्ष्मी, बालाजी तुम्ही पाहिले असतील. काच फुटलेली, पावसाने रंग उतरलेला, शेजारी कुत्रं झोपलेलं. घरातून देव जायला नको म्हणून लोक त्यांना रस्त्यावर सोडून येतात आणि हात जोडून परततात. यापेक्षा चौकट घरीच उघडा. काच आणि लाकूड भंगारवाल्याला. आतला कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि तुळशीच्या मातीत मिसळा. नमस्कार करून केलंत तर त्यात अपमान कसला? सासऱ्यांनी काशीहून आणलेली वगैरे एखादी तसबीर असेल तर ती जरूर न्या, भिंतीला एक खिळा पुरेल. घरमालकाला आधी विचारा.

आणि माळ्यावर कापडात बांधलेल्या पोथ्या सापडल्या तर थांबा. छापील गुरुचरित्र, नवनाथ कुणा वाचणाऱ्याला देता येतील. पण हाताने लिहिलेली, सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या असं काही निघालं तर ते रद्दीत नाही आणि नदीतही नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेत विचारा. वाई तुम्हाला तासाभराच्या अंतरावर आहे. घरातल्या पोथ्या 'पवित्र आहेत' म्हणून कृष्णेत सोडणाऱ्या घरांनी आपल्या इतिहासाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं उंदरांनीही केलेलं नाही.

निघताना देव ट्रकात घालू नका, हे तुम्हाला माहीत असणारच. डब्यात तांदूळ, त्यावर धुतलेल्या वस्त्रात गुंडाळलेले देव, आणि डबा सासूबाईंच्या मांडीवर. त्यांना त्या दिवशी करायला एक मानाचं काम हवंच आहे. नाहीतर हमालांना सूचना देत त्या उन्हात उभ्या राहतील. नव्या घरात आधी देव, मग कलश, मग दूध उतू घालायचं. भाड्याच्या जागेला वास्तुशांत लागत नाही, गणपतीची साधी पूजा पुरे.

दूध उतू घालायला गॅस लागतो, आणि तो श्रद्धेने येत नाही. इथला सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करायचा, अनामत आणि ट्रान्सफरचा कागद घ्यायचा, तो डोंबिवलीच्या एजन्सीत दाखवायचा. त्याला काही दिवस जातात. तोवर इंडक्शनची शेगडी असू दे, नसेल तर कुणाची उसनी न्या. भरलेला सिलिंडर ट्रकात चढवायचा नाही, हमाल 'काही होत नाही वहिनी' म्हणाला तरी. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला सुट्टीत ऑफिस बंद व्हायच्या आत मागा. मुलीचे अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात, तेव्हा तिकडची कॉलेजं भरायला इथे बसूनही अडचण नाही. फक्त मूळ कागद कुठल्या खोक्यात गेले हे शोधायची वेळ येऊ देऊ नका. दागिने, घराच्या हिश्श्याचे कागद, गुणपत्रिका, सासूबाईंच्या गोळ्या एका पिशवीत, आणि ती पिशवी तुमच्या खांद्याला. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून घ्या. पॅकर्सवाल्याकडून यादी आणि रक्कम लेखी घ्या. डोंबिवलीच्या सोसायटीत सामान लिफ्टने नेऊ देतात का, आणि किती वाजेपर्यंत, हे ह्यांना आत्ताच विचारू दे. चौथ्या मजल्यावर कपाट जिन्याने चढवायचे हमाल वेगळे पैसे मागतात, आणि ते ट्रक दारात उभा असताना मागतात.

कपाटावरून आठवलं. जायच्या आधी टेप घेऊन तिकडच्या भिंती मोजून आणा. सागवानी कपाट दारातून आत जाणार नसेल तर ते इथेच विका, तिथे जाऊन अर्ध्या किमतीत विकावं लागेल. नवीन मात्र काही घेऊ नका, निदान दोन महिने. पगार कमी झालाय. त्या जागेत राहून बघितल्याशिवाय काय कमी आहे ते कळतही नाही.

मुलांचं सामान त्यांचं त्यांना आवरू द्या, एकेक खोकं देऊन. मुलगी गप्प असेल तर ती सामानामुळे नसेल, मैत्रिणींमुळे असेल. तिच्याशी देवाबिवाचं बोलू नका, एक दिवस तिला मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्यावर जाऊ द्या आणि उशिरा आली तरी ओरडू नका.

संध्याकाळच्या दिव्याबद्दल. 'सगळं तुझ्यावर सोपवलं' हे फार मोठं वाक्य आहे, म्हणून ते रात्री सुटतं. छोटं करा. 'आज मधल्या खोलीचं फडताळ झालं. ह्यांच्या नोकरीचं तू बघ.' दोनच गोष्टी, एक तुम्ही केलेली आणि एक त्याने करायची, रोज नव्या. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी तसं सांगा, तो रागवत नाही. उशाशी वही ठेवा. दोनला जाग आली आणि हंडे दिसले की दिवा न लावता, वेड्यावाकड्या अक्षरात 'हंडे, शनिवार' एवढं लिहा आणि कूस बदला. झोप लगेच लागेलच असं नाही. लागली नाही तर नाम घ्या. पण हिशेब करायला उठून बसू नका, पहाटे दोनला केलेल्या हिशेबात पगार नेहमी निम्माच वाटतो.

तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात सासूबाईंना गणेश मंदिरात नेऊन आणा. डोंबिवली परकी नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सगळीकडे निघते ती त्याच गावातून सुरू झाली, आणि हरिपाठाला बसणाऱ्या बायका तिथे इमारती-इमारतीत आहेत. सासूबाईंना टाळ वाजवता येत असतील तर महिन्याभरात तुमच्यापेक्षा त्यांच्याच ओळखी जास्त होतील, आणि मग माळ्यावरच्या वाट्यांची आठवण काढायला त्यांना सवड राहणार नाही. तसं झालं नाही, त्या खिडकीशी बसून राहिल्या, तर मला परत लिहा. ते वेगळं पत्र असेल.

आता जाऊबाई. त्यांना उलट बोलू नका, जायच्या वेळी भांडण कशाला. शनिवारी सकाळी दहाला बोलवा. श्रद्धेवर बोलायला वेळ आहे म्हणजे कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळायलाही असेल. दुपारी जेवायला पिठलं-भाकरी करा, आणि जाताना दोन हंडे त्यांच्या रिक्षात ठेवून द्या.